राहतं घर

खोली गेली हे कळलं तेव्हा मेंढपाळ एका लंगड्या मेंढीचा खूर कोरत बसला होता. मेंढी उताणी करून त्यानं मांड्यांत दाबून धरली होती. खुराच्या फटीत खडा रुतून पू झाला होता, आणि वाकड्या पात्याच्या सुरीनं तो सडका भाग हळूहळू काढत होता. चार हातांवर लेक फोनवर बोलत उभी होती. "हो मॅडम. हो, पण..." असं दोन-तीनदा म्हणाली आणि मग नुसती ऐकत राहिली.

"काय म्हणाले?" मान वर न करता त्यानं विचारलं.

"नाही दिली."

"काय नाही दिली?"

"वसतिगृहातली खोली, बाबा. नाही मिळाली."

सुरी जरा खोल गेली. मेंढीनं अंग झाडलं. रक्ताचा थेंब आला तसा त्यानं त्यावर अंगठा दाबून धरला.

"मार्क कमी पडले?"

"मार्क भरपूर आहेत. म्हणतात, तुम्ही शहराला लागूनच राहता. घरून जा-ये करता येईल. खोल्या लांबच्या मुलींना."

"शहराला लागून? कोण राहतं शहराला लागून?"

"आपण," लेक म्हणाली. "मीच लिहिलंय तसं."

अर्ज भरला त्या दिवशी कळप शहराच्या वेशीवर, वीटभट्ट्यांच्या मागच्या कापणी झालेल्या रानात बसला होता. शेतवाल्यानं खतासाठी बसवला होता. लेकीनं विचारलं होतं, "बाबा, राहायचं ठिकाण काय लिहू?" आणि त्यानं काठीनंच जमीन दाखवली होती. "इथंच की. मेंढरं जिथं, आपण तिथं. विचारतात तर खरं सांगावं माणसानं. लपवायला आपण काय चोरी केलीय?" त्याचा बाप हेच सांगत आला, आजाही हेच सांगत आला. वाटेत कुणी विचारलं, कुठले रे तुम्ही, तर आज जिथं मुक्काम तेच गाव सांगायचं. लेकीनं तेच लिहिलं.

दुसरंही एक उत्तर होतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. गावात त्यांचं घर होतं. पण लेकीची आई माळावर तापानं गेली त्याला वर्ष उलटून गेलं होतं, आणि तेव्हापासून त्या घराचं नाव कुणी काढलं नव्हतं. दर पावसाळ्यात सगळे घरी जात. या पावसाळ्यात मेंढपाळ डोंगराच्या कुशीत झोपडं घालून राहिला, पण गावाकडं फिरकला नाही. लेक शाळेच्या परीक्षेला गेली तीसुद्धा मैत्रिणीकडं उतरली.

त्यानं मेंढी सोडली. ती तीन पायांवर उड्या मारत कळपात शिरली.

"पुढच्या महिन्यात आपण दोन नद्या ओलांडून पलीकडं असणार," तो म्हणाला. "तिथून कशी जा-ये करशील? उडून?"

"तेच त्यांना सांगत होते. फोन ठेवला त्यांनी."

संध्याकाळी मेंढपाळाच्या धाकट्या भावाला कळलं. तो वाघुरा, म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं, ताणून बांधत होता. "म्हणजे कॉलेजात जागा आहे, पण झोपायला जागा नाही," तो म्हणाला. "घोडं आणलं आणि नाल विसरला."

"गप्प बसा हो तुम्ही," त्याची बायको म्हणाली. लेकीची काकू ती. कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. "शहरात खोल्या काय कमी आहेत? एखाद्या घरात भाड्यानं बघा. दादा, उद्याच जा तुम्ही. मेंढरांचं आम्ही बघतो."

"आणि शिकायचं काय म्हणालीस गं नेमकं?" काकानं शंभराव्यांदा विचारलं.

"जमिनीच्या पोटातलं. दगड कुठले, पाणी कुठं मुरतं, कुठं साचतं."

"माझ्या पोटातलं कधी कळतं का बघ. दोन दिवस गुरगुरतंय."

"त्याला शिक्षण नको काका, कमी खा."

काकू खदखदून हसली. मेंढपाळही हसला असता. सगळ्या मेंढक्यांत कॉलेजपर्यंत पोचलेली ही पहिली पोर. बाजारात, पाणवठ्यावर, लोकर विकायला गेलं तिथं त्यानं हे इतक्यांना सांगितलं होतं की आता नाही म्हणून सांगायला तोंड उरलं नव्हतं. आणि तोंडाचं जाऊ दे. पोर रात्रीच्या अभ्यासाला कंदील घेऊन मेंढरांच्या उबेला बसायची, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. खोली नाही तर कॉलेज नाही, एवढं सरळ होतं सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक शहरात उतरले. कॉलेजच्या मागच्या गल्लीत एका दारावर 'मुलींसाठी खोली' अशी पाटी होती. दार उघडणारी बाई आधी लेकीकडं बघून हसली, मग तिची नजर मेंढपाळाच्या खांद्यावरच्या कांबळ्यावर गेली. तिनं नाकाजवळ पदर नेला, पण धरला नाही. तेवढी रीत पाळली.

"मुलगी चांगली दिसते. तुम्ही काय करता?"

"मेंढरं राखतो."

"अस्सं. आणि मुलीला भेटायला येणार तेव्हा... म्हणजे ते सगळं घेऊनच फिरता ना तुम्ही?"

"मेंढरं जिना चढत नाहीत, बाई," मेंढपाळ म्हणाला.

लेकीला हसू फुटलं. बाईला नाही फुटलं. खोली कालच गेली, पाटी काढायची राहिली, असं सांगून तिनं दार लावलं. पाटी मात्र ते गल्लीच्या टोकाला पोचले तरी तिथंच होती.

"तुम्हाला गप्प बसवत नाही का बाबा?"

"तू का हसलीस मग?"

वसतिगृहाच्या फाटकावर पहारेकऱ्यानं काठी बाहेर ठेवायला लावली. "आत काठी चालत नाही." काठी भिंतीला टेकवून मेंढपाळ आत गेला आणि हातांचं काय करावं ते त्याला कळेना. आधी मागं बांधले, मग पुढं. आत फरशी इतकी गुळगुळीत की पायताणाखाली वाळू करकरली, आणि बाकावर बसलेल्या दोन मुलींनी वळून पाहिलं. त्यानं पायताणं काढून दाराशी ठेवली. लेकीनं ती उचलून आणली आणि त्याच्या पायांपुढं ठेवली. "घाला. इथं सगळे घालूनच बसतात."

वसतिगृहाच्या बाई वयानं त्याच्याच बरोबरीच्या होत्या. डोळे थकलेले, टेबलावर गार झालेला चहा. बसा म्हणाल्या. तो खुर्चीच्या कडेला टेकला. लेक उभी राहिली आणि तिनं न अडखळता सगळं सांगितलं: त्या दिवशी कळप कुठं होता, आता कुठं आहे, कॉलेज सुरू होईल तेव्हा कुठं असेल.

बाईंनी ऐकून घेतलं. "म्हणजे तुमचा पत्ता दर आठवड्याला बदलतो."

"चारा संपला की बदलतो," मेंढपाळ म्हणाला.

"मग मी अंतर कुठून मोजू?" बाईंनी कपाळ चोळलं. चिडून नव्हे, खरंच अडल्यासारखं. मग त्या जरा पुढं वाकल्या. "हे बघा, एक वाट आहे. ज्यांना घरच नाही अशा मुलींसाठी मी दोन खाटा वेगळ्या ठेवते. एक अजून रिकामी आहे. आम्हाला घर नाही, उघड्यावर राहतो, एवढं तुम्ही लिहून द्या, आत्ता सही करते. संध्याकाळी मुलगी सामान घेऊन येऊ दे. आणि त्यात खोटं असं काही नाहीच."

पंखा फिरत होता. मेंढपाळानं स्वतःच्या अंगठ्याकडं पाहिलं. शाई लावायची, टेकवायचा, संपलं. बाईंनी कागदही पुढं सरकवला. बाई बिचाऱ्या भल्याचंच सांगत होत्या. उघड्यावर तर ते राहतच होते. काल रात्री दव पडून कांबळं जड झालं होतं.

"घर आहे आम्हाला," तो म्हणाला.

शब्द तोंडातून गेले आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की खोली त्याची नाही, पोरीची जातेय. मान वळवून त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिनं हो म्हणावं, बाबांचं ऐकू नका म्हणावं, त्याची काही हरकत नव्हती. त्यानं कागद ओढून अंगठा दिला असता.

लेक म्हणाली, "आहे, मॅडम. मातीचं आहे, पण आहे. माझ्या आईनं बांधलंय. ती खाट जिला खरंच घर नाही तिला द्या."

बाईंना थोडं लागलं असावं. त्यांनी कागद मागं घेतला. "मग राहतं घर असल्याचा दाखला आणा, अंतर तिथून मोजते. गावच्या कचेरीतून. सोमवारी दुपारी उरलेल्या खोल्या वाटून टाकणार मी. त्यानंतर आलात तर माझ्या हातात काही नाही. नंतर मला दोष देऊ नका."

फाटकाशी ठेवलेली काठी उचलून दोघं रस्त्याला लागली. बसथांब्यापाशी तो म्हणाला, "चुकलं का गं माझं?"

"चुकलं असतं तर तिथंच बोलले असते."

"तुझी आई अशीच बोलायची."

वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या तोंडून हे निघालं.  बस आली का बघायच्या निमित्तानं लेक थोडी पुढं जाऊन उभी राहिली.

गावात पोचले तेव्हा उन्हं कलली होती. कचेरीतल्या कारकुनाला सगळं गाव चष्मेवाला म्हणायचं, कारण चष्मा कपाळावर ठेवून तोच सगळीकडं शोधत फिरायचा. त्यानं दोघांना ओळखलं, बसायला सांगितलं, वहिनींचं ऐकून वाईट वाटलं म्हणाला. पण दाखल्याचं नाव काढताच मान हलवली.

"नांदतं घर असेल तर लिहीन. रोज जाता-येता कुलूप बघतो मी त्या दाराला. चूल नाही, दिवा नाही. मागची भिंत तर पावसात बसली. भिंत पडलेल्या घराला राहतं घर कसं म्हणू? उद्या कुणी तपासायला आलं तर माझी नोकरी जाईल."

"भिंत पडली?" लेकीनं विचारलं.

"बघितली नाहीत अजून?"

घर गावाच्या वरच्या अंगाला, शेवटचं. मेंढपाळ दाराशी थांबला. कंबरेच्या चंचीतून किल्ली काढली. कुलूप लेकीच्या आईनं लावलं होतं, निघताना, दोनदा ओढून बघून, तिच्या सवयीप्रमाणं. आत जाम झालं होतं. त्यानं किल्ली फिरवली, फिरली नाही. पुन्हा फिरवली. हात घामानं निसटायला लागला.

"द्या इकडं," लेक म्हणाली. कुलपात तिनं डोक्याच्या तेलाचे दोन थेंब सोडले, थोडी थांबली आणि उघडलं. मग बाजूला झाली. "तुम्ही आधी."

आत अंधार नव्हताच. मागच्या भिंतीचा मधला भाग कोसळून त्यातून सगळा उजेड आत आला होता. मातीचा ढीग अर्ध्या खोलीपर्यंत आला होता, त्यावर गवत उगवलं होतं. चूल शाबूत होती. चुलीपाशी मांजरीनं कधीतरी पिलं घातली असावीत, केस पडले होते. मेंढपाळ ढिगाजवळ खाली बसला आणि एक ढेकूळ उचललं. हातात मोडलं तर पूर्ण मोडेना. आत लोकरीचे धागे होते. कातरणीतली आखूड, विकायला न जाणारी लोकर त्याची बायको मातीत तुडवायची. भिंतीला तडा जात नाही म्हणायची. तिला घर पाहिजे होतं, पोरीला पावसाळाभर एका शाळेत बसता यावं म्हणून. नवरा म्हणाला होता, घर बांधून काय करायचं, आपण माणसं चालणारी. ती म्हणाली होती, तू चाल. एका उन्हाळ्यात तिनं भिंती उभ्या केल्या होत्या. त्यानं फक्त छपराची लाकडं आणून दिली होती.

"माती हीच वापरू," लेक म्हणाली. "लोकर आहेच तिच्यात."

"तुला येतं?"

"बघितलंय. तुम्ही मेंढरांमागं असायचात."

शेजारची म्हातारी कुडावरून डोकावली. "आलास का? मला वाटलं तूही गेलास. घर आपलं वाट बघून बघून आडवं झालं."

"आलो, मावशी."

"उशिरा आलास." मग लेकीकडं बघून तिचा आवाज बदलला. "वाळलीस गं. तो खायला घालतो का नाही?"

त्या संध्याकाळी चूल पेटवली. लाकडं ओली होती, धूर दारातून, भिंतीच्या भगदाडातून, जिथून वाट मिळेल तिथून बाहेर पडला. म्हातारी पलीकडं खोकली आणि ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "घर पेटवायला आलेत का राहायला?"

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून माती भिजवली. विहिरीवरून पाणी आणायचं मेंढपाळानं अंगावर घेतलं. मेंढरांना पाणी पाजायची सवय, त्यामुळं हात ढिला. ढिगावर घागरी ओततच राहिला. पहिला थर दोघांनी मिळून घातला, ओंजळीनं चिखल उचलायचा, जोरानं आपटायचा, तळव्यानं दाबायचा. दुपारी जेवायला बसले आणि मागं भदकन आवाज झाला. थर फुगून खाली बसला होता.

मेंढपाळानं डोक्याला हात लावला. म्हातारी कुडापाशी आलेलीच होती. "तिनं कधी इतकं पाणी घातलं नसतं. भिंत बांधतोयस का तळं?"

"मावशी, बोलण्यापेक्षा दोन हात लावा."

"माझे हात लावायचे दिवस गेले. तोंडाचे राहिलेत."

लेक चिखलात उतरली. साडी गुडघ्यापर्यंत खोचून तुडवायला लागली. तुडवत होती, थांबत होती, सुकी माती घालत होती. मग एका पायावर उभी राहून तिनं दुसऱ्या पायाची टाच चिखलात दाबली आणि उचलली. टाचेचा खड्डा तसाच राहिला, त्यात पाणी जमलं नाही. "आई असं बघायची. खड्डा राहिला की झालं." आणि बापाकडं न बघता, "आता पाणी मी सांगेन तेव्हाच."

"बरं," मेंढपाळ म्हणाला. आयुष्यभर कळपाला हाक घालणारा माणूस. पण त्या दिवसापासून घागर घेऊन बाजूला उभा राहायचा आणि हाकेची वाट बघायचा. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. उलट विहिरीवर बायकांनी विचारलं, दोघंच बांधता का, तर म्हणाला, "ती बांधते. मी पाणक्या."

एका दिवसात एकच थर चढायचा. खालचा वाळल्याशिवाय वरचा घालता येत नव्हता, घातला की खालचा फुगायचा. घाई करून उपयोग नाही आणि सोमवार तर डोक्यावर. मधल्या वेळात लेक चुलीशी बसून कॉलेजचं पुस्तक वाचायची, चिखलाची बोटं पानाला लागू नयेत म्हणून पान कोपरानं उलटायची. मेंढपाळाचे तळवे लोकरीनं आणि खड्यांनी सोलून निघाले. सकाळी मुठी मिटत नव्हत्या. येणारे-जाणारे थांबायचे.

"पोरगी जमिनीच्या पोटातलं शिकणार म्हणे?"

"हो."

"मग आधी सांग म्हणावं, आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात जातं कुठं?"

"चार वर्षं थांबा," लेक चिखलातूनच ओरडली. "मग सांगते."

"चार वर्षं तहानेनं मरू की!"

"इतकी वर्षं नाही मेलात."

शनिवारी धाकट्याचा फोन आला. दोन कोकरं दगावली, शेतवाला पुढं जा म्हणतोय, एकट्यानं वाघुरा ताणता येत नाही. "दादा, येतोस कधी? भिंत काय पळून जातेय?"

मेंढपाळानं भिंतीकडं पाहिलं. ती त्याच्या छातीपर्यंत आली होती. "सोमवारनंतर," तो म्हणाला. धाकटा काहीतरी बोलला, ते त्यानं ऐकलं नाही असं केलं.

रविवारी चष्मेवाला आला. चष्मा कपाळावर, हातात छत्री. घराभोवती फिरला. भिंत आता खांद्याच्या वर गेली होती, पण वरच्या लाकडापर्यंत पोचली नव्हती. मधून आभाळाची पट्टी दिसत होती. खालचे थर वाळून फिके झाले होते, वरचा गडद, ओला.

"छान झालंय," तो म्हणाला. "पण पुरी नाही."

"उद्या एक थर, परवा एक. झालीच."

"परवा मी परवाचा दाखला लिहीन."

"उद्या दुपारी खोल्या वाटतात हो, काका," लेक म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत मातीनं माखले होते. "वर हातभर राहिलंय. हातभर आभाळ दिसतं म्हणून आम्ही इथं राहत नाही का?"

"मला पटतं गं पोरी. पण वरच्या साहेबांनी विचारलं, पुरावा काय, तर मी काय सांगू? चार दिवस आलात, तेवढ्यानं नांदतं घर होतं का?"

मेंढपाळ पुढं आला. पण भांडणार कशावर? वर्षभर कुलूप होतं हे खरंच होतं. खरं सांगावं हे तर त्याचंच म्हणणं.

"पुरावा?" कुडापलीकडून म्हातारी गरजली. "पुरावा पाहिजे होय? चार दिवस यांच्या चुलीचा धूर माझ्या घरात शिरतोय. सकाळी खोकते, संध्याकाळी खोकते, डोळ्यांतून पाणी थांबत नाही. कुणी राहत नसलेल्या घरातून धूर येतो का? का मी वेडी म्हणून खोकतेय? लिही! लिही की म्हातारी खोकून मेली, मग तरी वर पटेल!"

चष्मेवाला हसायला लागला. हसता हसता त्यानं चष्मा खाली ओढला. "मावशी, तुमची सही लागेल."

"अंगठा घे. दोन घे."

चुलीपाशी बसून त्यानं मांडीवर दाखला लिहिला. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवला: अमुक यांचं सदर गावी मातीचं राहतं घर आहे, मागील भिंतीचं काम चालू आहे, शेजाऱ्यांची साक्ष घेतली. मेंढपाळानं 'राहतं घर' एवढं पुन्हा वाचायला लावलं. त्यानं पुन्हा वाचलं. मग मेंढपाळ उठला, बाहेर गेला, आणि काही काम नसताना थोडा वेळ तिथंच उभा राहिला.

सोमवारी लेकीची पेटी घेऊन पहिल्या बसनं ते निघाले. वसतिगृहाच्या बाईंनी दाखला वाचला. शेजाऱ्यांच्या साक्षीपाशी थांबल्या, मेंढपाळाच्या सोललेल्या तळव्यांकडं एकदा पाहिलं आणि वहीत नोंद केली. "तिसरा मजला. खिडकी पटांगणावर. सोबत अजून एक मुलगी असेल." आणि लेकीला, "त्या दिवशी तू जे बोललीस ना... ती खाट काल एका मुलीला दिली. सांगावंसं वाटलं."

पेटी मेंढपाळानं खांद्यावर घेतली आणि जिन्याकडं वळला, तर पहारेकऱ्यानं हात आडवा केला. "पुरुषांना वर जाता येत नाही."

"बाप आहे मी."

"बापही पुरुषच की."

मेंढपाळानं पेटी खाली ठेवली. लेकीनं पेटीची एक कडी धरली, वरून उतरणाऱ्या एका मुलीनं आपणहून दुसरी धरली, आणि दोघी ठेचकाळत, हसत वर गेल्या. तो पटांगणात येऊन उभा राहिला. तिथं आणखीही माणसं होती, पेट्या, गाद्या, बादल्या घेऊन आलेली. थोड्या वेळानं तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. लेकीनं डोकं बाहेर काढलं. "बाबा! इथून डोंगर दिसतो!" सगळ्या पटांगणानं वर बघितलं.

"पुस्तकात बघ, डोंगरात काय आहे!" तो खालून ओरडला. कळपाला घालतात तसली हाक. दोन बायका दचकल्या.

शेजारी इस्त्रीच्या सदऱ्यातला एक बाप उभा होता. "तुमची मुलगी का?"

"माझी."

"कुठले तुम्ही?"

आजपर्यंत या प्रश्नाला मेंढपाळानं काठीनं जमीन दाखवली होती. त्यानं गावाचं नाव सांगितलं. तेवढ्यावर न थांबता म्हणाला, "विहिरीच्या वरच्या अंगाला, शेवटचं घर. कुणालाही विचारा. तिच्या आईनं बांधलेलं आहे. या एकदा, मुलीला घेऊन."

"येऊ की," तो म्हणाला. "सुट्टीत येऊ."

मेंढपाळ फाटकाबाहेर पडला. या म्हणाला खरा. पण मेंढरं तिकडं पुढच्या रानात गेली होती, त्यांना गाठायचं होतं, आणि भिंतीचा वरचा हातभर भाग अजून घालायचा राहिला होता.